न आलेलं बोलावणं

सिस्टर लिगाया चहा उभ्यानेच प्यायच्या. आमच्या वळ गावातल्या घरात सोफा होता, खुर्च्या होत्या, ओटीवर झोपाळा होता. पण त्या स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा टेकवून उभ्या राहायच्या, चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवायच्या आणि कपबशी स्वतःच विसळून पालथी घालायच्या. "बसा ना जरा," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "बसाला न्हाय जमत गो. बसला का घर आठवतय." हे त्या इतकं हसत सांगायच्या की कितीतरी वर्षं मी तो विनोदच समजत होते.

त्यांचं घर होतं फिलिपिन्समधल्या एका बेटावर, मासेमारी करणाऱ्यांच्या गावात. नर्सिंग शिकून पुढे त्या नन झाल्या आणि त्यांच्या धर्मसंघाने त्यांना भिवंडीला धाडलं. तेव्हा कॉन्व्हेंटला स्वतःची जागा नव्हती, म्हणून माझ्या सासऱ्यांनी आमच्या जुन्या घरातल्या दोन खोल्या सिस्टरांना राहायला दिल्या. पुढे भिवंडीतच कामतघरला जागा मिळाल्यावर त्या तिकडे गेल्या, पण तोवर माझ्या सासूबाईंनी सिस्टर लिगायांना मराठी शिकवून ठेवलं होतं. म्हणजे सासूबाईंना येत होतं ते. आमचं आगरी घर. सासूबाईंच्या बोलण्यात 'तुम्ही' हा शब्दच नाही. त्यामुळे सिस्टरही सगळ्या जगाला 'तू' म्हणायच्या. नगरसेवकाला तू, दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना तू, कापडाच्या लूमच्या शेठला तू. मी एकदा दबकत सुचवलं, "सिस्टर, मोठ्या माणसांना तुम्ही म्हणतात." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "देवाला तू बोलतात ना? मग? ह्यो काय देवाहून मोठा हाय?"

बुटक्या, बांध्याने दणकट, फिकट निळी साडी आणि पायात पुरुषी सँडल. चालायच्या अशा की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागे. कामतघरच्या चाळींमध्ये त्यांचं काम दोन प्रकारचं. लूमवर जाणाऱ्या बायांची मुलं दिवसभर सांभाळायची, हे एक. त्या बालवाडीत मी शिकवायला जायचे. दुसरं काम म्हणजे टीबीच्या रोग्यांना रोज, स्वतःच्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळायला लावायच्या. थोडं बरं वाटलं की माणसं औषध सोडतात आणि मग आजार दुप्पट जोराने उलटतो, हे त्यांनी पाहिलं होतं. "गिळलीस? तोंड उघड. जीभ वर कर." हे दाढीमिशीवाल्या कारागिरांनाही तितक्याच जोरात. एकदा एका कारागिराची शिफ्ट संपायला वेळ होता आणि शेठ त्याला बाहेर सोडीना. सिस्टर सरळ खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये शिरल्या, पाण्याची बाटली आणि गोळ्या घेऊन लूमच्या बाजूला उभ्या राहिल्या. शेठ ओरडला, "ये क्या तमाशा है?" लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून सिस्टर म्हणाल्या, "तू थांब. ह्याचा झाला का मग तुजा ऐकते." शेठ थांबला. पुढच्या महिन्यापासून त्यानेच रोग्यांना गोळीपुरती सुट्टी द्यायला सुरुवात केली.

घरी जायची रजा त्यांना काही वर्षांनी एकदा मिळे. ती मिळायच्या वेळी कोरोना आला. विमानं बंद झाली आणि त्या टाळेबंदीतच तिकडे त्यांचे वडील गेले. त्या दिवशी त्या आमच्या गच्चीवर आल्या होत्या, कारण कामतघरला मोबाइलची रेंज धड नव्हती. छोट्याशा पडद्यावर त्यांनी वडिलांना मातीत ठेवताना पाहिलं. उन्हाने पडदा दिसेना, तेव्हा मी त्यांच्या डोक्यावर ओढणी धरून उभी राहिले. संपल्यावर त्यांनी फोन पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चल. तांदूळ वाटाचे हायत." संध्याकाळपर्यंत त्या चाळीत शिधा वाटत फिरल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्या चालण्याची भीती वाटली.

त्यानंतर त्यांच्या आईचं फोनवरचं बोलणं तुटक झालं. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत थोरली मुलगी जवळ नव्हती, हे त्या बाईने तोंडाने कधी म्हटलं नाही. नुसतं "बरी आहेस ना? मग बरं. देवाची इच्छा," एवढंच म्हणून फोन ठेवायची. सिस्टरच सांगायच्या, "माजी आयस रागावली का कमी बोलते. लय रागावली तर देवाच्या गोष्टी बोलते. सध्या देवाच्या बोलते."

आणि मागच्या पावसाळ्यानंतर एक दिवस त्या बालवाडीत आल्या त्या वादळासारख्या. मुलांचे डबे उघडे होते, एक पोर रडत होतं, त्या कशाकडेही न बघता मला म्हणाल्या, "माजी आयस येते. भाऊ पन. हितं."

त्यांच्या भाषेत आईला नानाय म्हणतात. तर नानाय येणार होत्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, डोळ्यांना कमी दिसायला लागलेल्या. जन्मात कधी विमानात बसल्या नव्हत्या. बरोबर धाकटा मुलगा रोमेल, जो मालवाहू जहाजावर आचारी होता आणि नुकताच सुट्टीवर आला होता. कॉन्व्हेंटमध्ये पाहुण्यांना राहू देण्याचा नियम नव्हता. सिस्टर हॉटेलची चौकशी करायला लागल्या, तेव्हा सासूबाई भडकल्या. "लिगूची आयस हाय ती. हॉटेलात कशाला ऱ्हाईल? आपला घर काय वाऱ्यावर पडलाय?" आमच्या जमिनीवर गोदामं झाली तेव्हा बांधलेलं तीन मजल्यांचं घर, वरचा मजला रिकामाच. पाहुण्यांची सोय तिथे ठरली.

मग सिस्टरांनी आम्हाला हैराण करून सोडलं. सकाळी येऊन पलंग खिडकीशी सरकवायला लावायच्या, दुपारी फोन करून सांगायच्या, खिडकीशी नको, बाहेर कंटेनरच्या गाड्या रात्रभर वाजतात. उशी एकदा मऊ हवी, एकदा कडक. नानायला तिखट चालत नाही, असं सांगून गेल्या आणि अर्ध्या वाटेवरून परतल्या. "चालत आसंल बी. मना ठावं न्हाय आता." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की मी मऊ आणि कडक, दोन्ही उशा पलंगावर ठेवून दिल्या.

विमानतळावर मी त्यांच्याबरोबर होते. काचेच्या दारातून ढकलगाडी घेऊन रोमेल आला आणि त्याच्या दंडाला धरून एक चिमुकली म्हातारी. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात क्रूस, पायात नवे कोरे बूट. सिस्टर पुढे धावल्या आणि एक पाऊल उरलं असताना थांबल्या. नानायनी हात वर करून त्यांचा गाल चाचपला, कान चाचपला, जणू बाजारात काही पारखून घेत आहेत. सिस्टर म्हणाल्या काय, तर "बॅग दे." तेही मराठीत! रोमेल हसायला लागला. नानायना काही कळलं नाही, पण त्यांनी मुकाट्याने हातातली पिशवी दिली. ती घेऊन सिस्टर गाडीकडे चालायला लागल्या आणि आम्ही तिघं त्यांच्या मागे.

पुढचे दिवस तसेच गेले. सिस्टर पुढे, बाकीचे मागे. त्यांनी सगळं आखून ठेवलं होतं. आज बालवाडी, उद्या चर्च, परवा दवाखाना, मग चाळ, मग आणखी एक चाळ. प्रत्येक ठिकाणी त्या आईला दारात उभं करून भराभर सांगायच्या, इथे हे होतं, तिथे ते होतं, आणि आईने उत्तर द्यायच्या आत पुढच्या दाराशी पोचलेल्या असायच्या. कामतघरच्या गल्लीत लूमच्या आवाजाने नानायनी कान झाकून घेतले. हवेत उडणारे कापसाचे तंतू त्यांच्या अंबाड्यावर येऊन बसले. नव्या बुटांनी त्यांच्या टाचा सोलल्या, हे घरी आल्यावर सासूबाईंना दिसलं. हळद आणि खोबरेल लावताना सासूबाई बडबडत होत्या, "ही लिगू म्हंजे ना! आयशीला गाव दाखवते का आयशीला पलवते?"

त्या दोघी म्हाताऱ्यांचं मात्र पहिल्या सकाळीच जमून गेलं. नानाय स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा सासूबाई सुके बोंबील निवडत होत्या. नानायनी एक उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग ओट्याशी बसून त्याही निवडायला लागल्या. एक आगरी बोलायची, दुसरी तिची भाषा, आणि दोघींचं काम कधी अडलं नाही. सासूबाई तांदळाची पेज करायच्या. नानायनी त्यात आलं किसून घालायला लावलं, कारण त्यांच्याकडेही आजाऱ्याला अशीच पेज देतात. रोमेल मध्ये बसून जहाजावर शिकलेल्या हिंदीत दुभाषाचं काम करायचा. "मम्मी बोलता, अच्छा मछली, अच्छा लोग."

सिस्टर रोज संध्याकाळी घाईघाईने डोकावून जायच्या. त्याच चौकटीत उभ्या, तोच बशीतला चहा. नानाय शेजारची खुर्ची थोपटायच्या. सिस्टर नको म्हणून मान हलवायच्या आणि घड्याळाकडे बघायच्या. मला तर कधी कधी वाटे, हिला दोन थोबाडीत द्याव्यात. सातासमुद्रापलीकडून आई आलीय आणि ही अशी करते, जणू पोस्टमन आलाय!

एका रविवारी नानायनी स्वतः रांधायचं ठरवलं. चिंचेचा कोळ घालून केलेलं माशाचं आंबट कालवण, सिस्टरांचं लहानपणापासूनचं आवडतं. खाडीचा ताजा मासा माझ्या नवऱ्याने पहाटे जाऊन आणला. आम्ही सगळे जेवायला बसलो. सिस्टरसुद्धा. पहिला घास त्यांनी घेतला आणि कालवण आणखी वाढून घेतलं. दुसरा घास हातात होता तेव्हा फोन वाजला.

फोन रुखसानाच्या नवऱ्याचा होता. रुखसाना म्हणजे कामतघरची त्यांची सगळ्यात अवघड रोगी. बावीस-तेवीसची पोर, पदरात एक लहान मुलगी. साध्या औषधांना दाद न देणारा टीबी, त्यामुळे औषधं कडक आणि उपचार लांबलचक. आई लहानपणीच वारलेली, सासर-माहेर सगळं दूर उत्तरेत. गोळ्या घेतल्या की तिला उलट्या व्हायच्या. त्या दिवशी तिने गोळ्या फेकून दिल्या होत्या आणि गावी जाते म्हणून कपडे बांधायला घेतले होते. सिस्टरनी हात धुतले. आईला दोन शब्द सांगितले आणि निघाल्या.

नानायनी त्यांच्या ताटावर दुसरं ताट झाकलं. थोड्या वेळाने त्यांनी रोमेलला एकच प्रश्न विचारला. मी विचारलं, काय म्हणाल्या? तो इंग्रजीत म्हणाला, "ती विचारतेय, कोण आहे ती मुलगी?"

त्याच दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना रोमेलने मला खरं काय ते सांगितलं. त्याने परतीची तीन तिकिटं काढली होती. नानायच्या डोळ्यांचं दुखणं वाढतच जाणार होतं, तो वर्षातले बरेच महिने समुद्रावर, घरात दुसरं कोणी नाही. आई ताईला घेऊन जाण्यासाठीच आली आहे, पण अजून बोलत नाहीय. "तुम्ही ताईला जरा समजावा ना," तो म्हणाला. "ती तुमचं ऐकते."

मी दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर सिस्टरांबरोबर गोळ्यांच्या फेरीला गेले. विषय कसा काढावा हे मला सुचत नव्हतं. त्यांनीच काढला. चालता चालता, माझ्याकडे न बघता. "मी मोठ्या सिस्टरांना विचारलंय. आयशीला बघाला कोन न्हाय, मना जाऊ द्या म्हनून. त्या हो बोलल्या. माजी बॅग भरून ठेवलीय."

मी जागच्या जागी उभी राहिले. "मग सांगा ना त्यांना! रोज त्यांच्यापासून पळताय कशाला?"

"मी कशी सांगू?" त्या थांबल्या नव्हत्या, मलाच पुन्हा पळत त्यांना गाठावं लागलं. "बापूस गेला तवा मी न्हाय गेली. आता मी आपल्या तोंडाने कशी बोलू, येते म्हनून? तिनी बोलवाला पायजे. एकदा बोलव म्हनावं. मी त्याच दिवशी निघते. आज बोलंल, उद्या बोलंल. मी तिच्यासमोर उभी ऱ्हाते ना, माजे कान तिच्याकडंच असतात. बोलंल का, न बोलंल का."

तेव्हा मला त्या सगळ्या धावपळीचा अर्थ लागला. ही बाई आईला चुकवत नव्हती. डॉक्टरांच्या दाराबाहेर रिपोर्टची वाट बघणारा माणूस जसा येरझाऱ्या घालतो, तशी ती आठवडाभर आईभोवती येरझाऱ्या घालत होती.

पाहुण्यांचे जायचे दिवस जवळ आले आणि एका दुपारी नानाय घरातून गायब झाल्या. सासूबाईही नव्हत्या. रोमेल गाढ झोपलेला, दार नुसतं ओढून घेतलेलं. मी सिस्टरांना फोन केला. त्या रिक्षाने आल्या, पण घरात शिरल्याच नाहीत. मलाच रिक्षात ओढलं. सासूबाईंना सुकी मासळी घ्यायची की त्या निजामपुऱ्याकडच्या बाजारात जातात, म्हणून आम्ही तिकडे निघालो. ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली तर सिस्टर उतरून चालायला लागल्या. गर्दीतून, हातगाड्यांमधून, "बाजूला हो, बाजूला हो" करत. "तिला दिसत न्हाय," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तिला धड दिसत न्हाय गो."

मासळीवाली सासूबाईंना ओळखत होती. ती म्हणाली, "आल्या व्हत्या ना. संगती ती परदेशी म्हातारी. डबा व्हता हातात. कामतघरची रिक्षा केली त्यांनी."

सिस्टर लगेच रिक्षाला हात करायला लागल्या. त्यांना एकाच घराचा अंदाज आला आणि तो खरा निघाला.

रुखसानाच्या खोलीच्या दारात नानायचे नवे बूट काढून ठेवलेले होते. आत खाटेवर रुखसाना बसली होती आणि तिच्या मागे नानाय. तिच्या केसांतली गुंतवळ त्या कंगव्याने हळूहळू सोडवत होत्या, डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त. खाली सासूबाई रुखसानाच्या मुलीला पेज भरवत होत्या. आलं घातलेली पेज डब्यातून आली होती. अर्धा डबा रुखसानाने संपवला होता. सासूबाई आम्हाला पाहून म्हणाल्या, "ही माजे मागं लागली, रुखसाना रुखसाना करून, त्या पोरीकडं ने, त्या पोरीकडं ने. मंग काय करू? आनली. गोल्या घेतल्या हां तिनी. हिच्या हातून. वोकली बी न्हाय."

रुखसाना ओशाळून हसली. "नानी ने खिलाया," ती म्हणाली.

सिस्टर पहिलं काय म्हणाल्या, तर "मास्क कुठंय?" रुखसानाचा आजार आता दुसऱ्याला लागण्याच्या पलीकडे गेलाय, असं डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी आपल्या पिशवीतून मास्क काढला आणि आईच्या तोंडाला बांधायला गेल्या. नानायनी त्यांचा हात बाजूला सारला. तिथून भांडण सुरू झालं.

मी आजवर सिस्टरांना त्यांच्या भाषेत रागावलेलं ऐकलं नव्हतं. त्या दारात उभ्या, आई खाटेवर, मध्ये रुखसाना मान खाली घालून. शेजारच्या खात्यात लूम चालू होते, त्या आवाजावर दोघी आवाज चढवत होत्या. सिस्टर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आधी ओरडून, मग विनवून, आणि नानाय मान हलवत होत्या. आणि अचानक लाइट गेली. सगळ्या गल्लीतले लूम एका झटक्यात बंद पडले. त्या शांततेत नानायचं शेवटचं वाक्य मोठ्याने पडलं. गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. कोणाला एक अक्षर कळलं नव्हतं, पण सिस्टर दाराच्या चौकटीवरून सरकत खाली उंबऱ्यावर बसल्या. तोंडावर पदर घेतला. बराच वेळ त्या तशाच बसून होत्या आणि त्यांना उठवायची आमची कोणाचीच हिंमत झाली नाही.

काय बोलणं झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या म्हणत होत्या, "मला घरी चल म्हण. एकदाच म्हण." आणि नानाय म्हणाल्या, "म्हणायलाच आले होते. आता नाही म्हणणार. ह्या पोरीला अर्ध्यावर टाकून आलेली मुलगी मला माझ्या दारात नको."

रोमेलने तिसरं तिकीट रद्द केलं. तो चिडला होता. आईवर, बहिणीवर, आणि थोडा आमच्यावरही. विमानतळावर सासूबाईंनी नानायच्या पिशवीत सुकटीचं पुडकं कोंबलं, ते त्यांनी दोनदा काढून परत दिलं आणि तिसऱ्यांदा ठेवून घेतलं. नानायनी पुन्हा सिस्टरांचा गाल चाचपला. मग रोमेलचा दंड धरला आणि मागे न बघता आत गेल्या. मला वाटलं, मागे बघून तरी त्यांना काय दिसणार होतं! येताना गाडीत सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बोलवाला आली व्हती गो. आली व्हती ना बोलवाला?" मी म्हटलं, "हो सिस्टर. त्यासाठीच आल्या होत्या." त्या रात्रीपर्यंत त्यांनी मला हे तीनचारदा विचारलं.

त्यानंतर त्यांच्या वागण्यात वेगळीच उलघाल आली. पूर्वी सगळे रोगी त्यांना सारखे होते. आता रुखसानाकडे जाताना त्यांचा चेहरा ताणलेला असायचा. एकदा मला म्हणाल्या, "मना लाज वाटते. मी तिला गोळी देते तवा माज्या मनात माजी आयस असते. लवकर बरी हो, लवकर बरी हो, म्हंजे मी सुटली." मी म्हटलं, "तिला गोळी मिळतेय ना?" त्या म्हणाल्या, "मिळते. पन देवाला आतला दिसतंय."

रुखसानाचं बरं होणं सरळ नव्हतं. मध्ये एकदा ऐकू कमी यायला लागलं म्हणून औषध बदललं. एकदा तर ती मुलीला घेऊन खरंच गावी निघून गेली. सिस्टर सकाळ-संध्याकाळ तिच्या नवऱ्याच्या फोनवरून तिच्याशी बोलायच्या. ओरडायच्या, रडायच्या, मुलीला फोन द्यायला लावायच्या. शेवटी नवरा जाऊन तिला घेऊन आला. ती स्टेशनवर उतरली तेव्हा सिस्टर गोळ्या आणि पाणी घेऊन तिथेच उभ्या होत्या. "तोंड उघड," एवढंच म्हणाल्या. ना रागावल्या, ना काही विचारलं. सासूबाई रोज डब्यातून पेज पाठवत राहिल्या, आलं घातलेली.

ह्या सगळ्या काळात नानायचे फोन यायचे. डोळे आणखी मंदावले होते, शेजारीण जेवण आणून देत होती. सिस्टर विचारायच्या, "मी येऊ?" नानाय विचारायच्या, "ती पोरगी कशी आहे?" आणि फोन संपायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी रुखसानाचे शेवटचे रिपोर्ट बघितले आणि उपचार संपल्याचं सांगितलं. तिच्या नवऱ्याने चाळीत जिलबी वाटली. रुखसाना सिस्टरांच्या गळ्यात पडून रडली. सिस्टर तिच्या पाठीवर थोपटत राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांना जायची घाई दिसली नाही. त्या आठवड्यातच त्यांनी मोठ्या सिस्टरांकडे पुन्हा विनंती केली. संघाचं एक घर त्यांच्या बेटावर आहे, तिथे त्यांची बदली झाली. तिथून आईला रोज बघता येणार होतं.

गोळ्यांच्या फेरीला आता झारखंडच्या एक तरुण सिस्टर जातात. त्या सगळ्यांना 'आप' म्हणतात आणि रोगी त्यांचं ऐकतात. कामतघरला फार काही अडलं नाही, आणि अडावं अशी सिस्टर लिगायांचीही इच्छा नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. सासूबाईंच्या पाया पडल्या. सासूबाई म्हणाल्या, "तुजे आयशीनी न बोलवता जातस ना? मंग ऐक. तिनी दार न्हाय उघडला, तरी तितंच ऱ्हा. कवातरी उघडंल."

घरी पोचल्यावर दोनतीन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजामागे समुद्र ऐकू येत होता. मी स्पीकर लावला, सासूबाई कानामागे हात धरून जवळ सरकल्या. सिस्टरनी आपल्या येण्याचं घरी कळवलंच नव्हतं. रोमेल समुद्रावर. त्या संध्याकाळच्या वेळी गावात उतरल्या आणि दार वाजवलं. नानायनी दार उघडलं. दिसत तर जवळजवळ नव्हतंच, पण हात पुढे करून त्यांनी गाल चाचपला, कान चाचपला, आणि त्यांना कळलं. हात तसाच गालावर ठेवून त्या दार अडवून उभ्या राहिल्या.

"आनि मंग?" सासूबाईंनी विचारलं.

"मंग मना विचारलं, ती पोरगी? मी बोलली, बरी झाली. पुरती बरी झाली."

"आनि?"

"बाजूला झाली गो. बोलली, मग ये आत."